उजव्या बैलाला टाच

अमरावतीत मला ओळखणारी जी चार-दोन हाडं अजून शिल्लक आहेत, ती मला ‘पायलट’ म्हणतात. सकाळी फिरायला निघालो की बाकावरून हाक येते, "काय पायलट, कुकडं निंगाले?" नवख्या माणसाला वाटतं, म्हातारा लढाईत जाऊन आला असेल. त्यानं तसं विचारलं की बाकावरची सगळी बोळकी एकदम हसतात. मी तेहतीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवला. विमानात पहिल्यांदा बसलो तो रिटायर झाल्यावर, नातीच्या लग्नाला जाताना, तेही दोन जाड्या माणसांच्या मधल्या सीटवर. म्हणजे हे नाव मला कोणी मानानं दिलेलं नाही. आमच्या वऱ्हाडात माणूस एकदा तोंडावर आपटला की गाव तो आवाज जन्मभर लक्षात ठेवतं, आणि आपटणाऱ्यालाही विसरू देत नाही.

परवा कॅम्पातून येताना एका दुमजली इमारतीवर मोठा फलक पाहिला. विमानाचं चित्र, काळा चष्मा लावलेला एक गुळगुळीत पोरगा आणि खाली ठळक अक्षरात, ‘वैमानिक कल चाचणी, सहा आठवड्यांत हमखास तयारी’. मी तिथंच उभा राहून इतका हसलो की दारातली बाई बाहेर आली. म्हणाली, "आजोबा, नातवासाठी चौकशी का?" मी म्हटलं, "नाही बाई, मी ही तयारी स्वतः केलेली आहे. तुमच्यापेक्षा चांगली केलेली आहे." तिला वाटलं, उन्हानं डोकं फिरलं. अहो, कल म्हणजे अंगात असतं ते. ते आहे की नाही एवढंच बघायला ती चाचणी असते. त्याची तयारी करून देतो म्हणणारा माणूस एक तर लबाड असतो, नाही तर माझा मामा असतो. लबाड परवडला. लबाडावर निदान मनसोक्त चिडता येतं.

आम्ही तेव्हा राजापेठेच्या मागं तीन खोल्यांत राहायचो. बाबा बडनेऱ्याच्या स्टेशनात पार्सल क्लार्क. पहाटे आई चुलीशी बसली की भाकरी थापण्याचा थपथप आवाज सुरू व्हायचा, आणि त्या थापांवरून बाबांना कळायचं की बडनेऱ्याची शटल गाडी सुटायला अजून किती वेळ आहे. चौथी भाकर तव्यावर पडली की ते कोट चढवायचे. हिवाळ्यात त्या कोटाला संत्र्यांचा वास यायचा, कारण मोर्शीकडच्या संत्र्यांच्या करंड्या बडनेऱ्याला यायच्या आणि दिवसभर बाबा त्यांत बुडालेले असायचे. कोणाला हेवा वाटेल असा वास. मला त्या वासानं मळमळायचं. कारण बी.एस्सी. झालो की मलाही त्याच ऑफिसात, त्याच टेबलाशेजारच्या स्टुलावर बसवायचं हे बाबांनी साहेबाशी बोलून ठेवलं होतं. बाबांना सगळं जग पार्सलासारखं दिसायचं. पाठवणारा कोण, घेणारा कोण, वजन किती. मी त्यांच्या लेखी वजन केलेलं, चिठ्ठी डकवलेलं पार्सल होतो आणि माझा पत्ता होता बडनेरा.

मला देशसेवा वगैरे करायची नव्हती, उगाच कशाला खोटं लिहू? झालं असं की एकदा कॉलेजच्या मैदानावर परेड चालू असताना एक विमान फार खालून गेलं. इतकं खालून की आतल्या माणसाचं डोकं दिसलं. त्यानं मान वळवून खाली पाहिलं. आम्ही सगळे, आमचे प्राध्यापक, आमचं कॉलेज, राजापेठ, बडनेरा, सगळं त्याला किती फालतू दिसलं असेल, हा विचार मला फार आवडला. मलाही तसंच वरून पाहायचं होतं. त्या वयात माझ्या मनात यापेक्षा उदात्त काहीही नव्हतं. पण जे होतं ते इतकं जोरात होतं की रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

लेखी परीक्षेत पास झालो आणि डेहराडूनला हजर होण्याचं पत्र आलं. सोबत एक पत्रक होतं. त्यात लिहिलं होतं की मुलाखतीआधी एका यंत्रावर बसवून वैमानिक होण्याचा कल तपासतील, आणि ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालेल्याला विमान चालवण्यासाठी पुन्हा कधीही बोलावलं जाणार नाही. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. बाबा भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "एकदाच? म्हंजे मालधक्क्यावरून माल वापस येत नाही म्हना की." आई चुलीजवळून म्हणाली, "एकदाच तं एकदाच. लगन बी एकदाच होते." झालं, घरातली चर्चा संपली. मी मात्र तो ‘एकदाच’ शब्द पेन्सिलीनं अधोरेखित केला आणि दुसऱ्याच दिवशी शिकवणी शोधायला निघालो.

तेव्हा अमरावतीत असल्या मुलाखतींचे धडे देणारे एकच गृहस्थ होते. आम्ही त्यांना ‘विंग सर’ म्हणायचो, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य ‘आमच्या विंगमध्ये’ असं सुरू व्हायचं. लढाईच्या काळात ते कुठल्याशा विमानतळावर होते हे खरं. तिथं कोठारात बसून ते कांबळी आणि मच्छरदाण्या वाटायचे, हे आम्हाला फार उशिरा कळलं. मूळचे पुण्याकडचे. आमच्या बोलण्याला ते अशा चेहऱ्यानं नाक मुरडायचे, जणू ताटात झुरळ निघालं. "‘मले’ काय म्हणतोस रे? अधिकारी व्हायचंय ना तुला? ‘मला’ म्हण." आम्ही दहा-बारा धटिंगण रांगेत उभे राहून ‘मला, तुला, त्याला’ असं घोकायचो. विमानाच्या यंत्राचं विचारलं तेव्हा त्यांनी खडूनं एक आकृती काढली. समोर पडदा, पडद्यावर सारखा हलणारा ठिपका, तो मधल्या गोलात धरून ठेवायचा. ठिपका वर-खाली न्यायला हातात दांडा, डावी-उजवीकडे न्यायला पायांखाली फळी. मध्येच भोंगा वाजला की बटण दाबायचं. मी विचारलं, "सर, कोणता पाय दाबला की ठिपका कुठं जातो?" सर खडू झटकत म्हणाले, "ते बसल्यावर आपोआप समजतं." त्यांना माहीतच नव्हतं. माहीत नाही म्हणायला जी छाती लागते ती मच्छरदाण्या मोजून येत नसावी.

मी ती आकृती वहीत उतरवून घेतली आणि घरी जमिनीवर वही पसरून बघत बसलो होतो, तेव्हा सुखदेवमामा आला. आईचा सख्खा भाऊ, बार्शीटाकळीचा. काळ्या मातीची बऱ्यापैकी शेती, खांद्यावर उपरणं, आवाज असा की शेजारच्या तीन घरांत पाहुणा आल्याचं कळायचं. मामाची खरी कीर्ती शेतीची नव्हती, शंकरपटाची होती. पट म्हणजे आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत. लहानसा छकडा, त्यावर हाकणारा जवळजवळ बैलांच्या शेपट्यांवरच बसलेला, आणि जोडी नाकासमोर सरळ पळाली पाहिजे. जोडी जरा फाकली की हरलात. मामाची चांद्या-मोत्याची जोडी अकोल्यापासून मूर्तिजापुरापर्यंत कोणाला हार गेली नव्हती.

"हे काय काढलं बे, दिना?" मामानं विचारलं. "पानचक्की हाये का?"

"विमानाची परीक्षा हाये, मामा. हा दांडा हाताचा, हे फळी पायाची. आन हे टिकली सारखी इकडंतिकडं पयते, तिले मधात धरून ठेवा लागते."

मामा खाली बसला. वही उलटी-सुलटी फिरवून पाहिली. मग त्यानं मांडीवर अशी थाप मारली की आई दचकली.

"बस? हेच? अबे, हा तं पट हाये! बैल काय करते? कदी इकडं वढते, कदी तिकडं वढते, आपन त्याले मधात ठेवतो. थे टिकली बी थेच करून राहिली. याच्यात त्या मच्छरदानीवाल्याले काय इचारतं? चाल माह्यासंग. दीड महिन्यात तुले असा तयार करतो का इमानवाले मले इचारत येतीन, हा कोनाचा भासा म्हनून."

(‘मच्छरदाणीवाला’ हे मामाचं शब्दशः नसेल. तेव्हा ते आम्हाला कळलं नव्हतं. पण मामाच्या आवाजात ते मला आता असंच ऐकू येतं आणि मी ते खोडणार नाही.)

आणि मी गेलो. बाबा म्हणाले, "जाऊ दे, हवापालट होईन." बार्शीटाकळीला मामाच्या बैलांच्या कोठ्यात माझं विमान तयार झालं. तुम्ही हसाल म्हणून मी हे आजवर कुठं लिहिलं नाही. मोडक्या बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, फळ्यांचं आसन. अकोल्यात एका कापसाच्या जिनिंगच्या भंगारातून मामानं हट्टानं शोधून आणलेल्या चार कप्प्या. अंबाडीचे पिळदार दोर, मामानं स्वतः वळलेले. समोरच्या भिंतीवर चुना मारून गेरूचा गोल, आणि त्यापुढं दोरांवर टांगलेलं चहाच्या डब्याचं झाकण. हाच माझा ठिपका. हातात झाकण वर-खाली करायला एक दांडा, आणि पायाखाली मधोमध खिळा ठोकलेली आडवी फळी. दोर बांधायची वेळ आली तेव्हा मी विचारलं, "मामा, उजवा पाय दाबला का झाकन कुकडं न्याचं?"

मामानं माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "तुले कॉलेजात शिकवते काय बे? उजव्या बैलाले टाच देली का उजवा पुढं सरते. उजवा पुढं सरला का जोडी डावीकडं फिरते. म्हंजे उजवा पाय दाबला का डावीकडं. शेंबड्या पोराले समजते हे."

मी पदार्थविज्ञान शिकत होतो. न्यूटनचे नियम मला झोपेत विचारले असते तरी सांगितले असते. पण मीही शेंबड्या वयापासून मामाच्या छकड्यावर, त्याच्या गुडघ्याला धरून बसत आलो होतो. टाचेचा इशारा होताच चांद्या-मोत्या कसे वळतात ते मी शंभरदा पाहिलं होतं. मामाचं म्हणणं मला नुसतं पटलंच असं नाही, तर दुसरं काही असू शकतं हेच सुचलं नाही. मामानं उजवा दोर डावीकडच्या कप्पीत घातला, डावा उजवीकडच्या, गाठ मारली आणि थुंकी लावून घट्ट केली.

तेव्हापासून रोज सकाळी उन्हं कोठ्यात आली की मी आसनावर आणि मामा मागं स्टुलावर. त्याच्या हातात आणखी दोन दोर, झाकणाला हिसके द्यायला. "वारा आला!" म्हणून तो ओरडायचा आणि झाकण सटकन बाजूला जायचं. मी पाय मारून ते गेरूत परत आणायचं. भोंग्याचं काम मामीकडं होतं. ती चुलीपाशी भरताची वांगी भाजत असायची आणि मनात येईल तेव्हा पितळी परातीवर उलथनं आपटायची. ते ऐकू आलं की मी सायकलची घंटी वाजवायची. बैल रवंथ करत हा तमाशा बघायचे. भूक अशी लागायची की कळण्याची भाकर, मिरच्यांचा ठेचा आणि ते धुरकट भरीत यांचा हिशेब राहायचा नाही. पहिला आठवडा मी घाम गाळला. दुसऱ्या आठवड्यात झाकण माझं ऐकायला लागलं. महिन्याभरात मामानं कितीही हिसके दिले तरी ते गेरूच्या बाहेर जाईना. डोक्यानं विचार करायच्या आधी पाय आपले आपण चालायचे. मामा अकोल्याच्या बाजारात जाऊन चहाच्या हॉटेलात सांगून आला की भासा विमान शिकून राहिला, निम्मा शिकला बी.

मामी फार बोलणारी नव्हती. कोठा झाडताना रोज ते धूड सरकवावं लागायचं, त्यावरही तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही. एकदा मात्र झाडू बाजूला ठेवून म्हणाली, "मी बसू का उलीसक?" मामा खो-खो हसला. मीही. ती नऊवारी सावरून आसनावर बसली, फळीवर पाय ठेवले. मामानं झाकण डावीकडं ओढलं. मामीनं उजवा पाय दाबला. झाकण आणखी डावीकडं गेलं आणि खांबाला टण्णकन आपटलं.

"अवं, उलटं! उलटं दाब!" मामा ओरडला.

पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदाही तेच. मामी खाली उतरली आणि म्हणाली, "मले तं वाटते, उजवा दाबला का उजवीकडंच गेलं पायजे. हात जिकडं नेला तिकडं वस्तू जाते. मंग पायच कायले उलटा?"

"तू कदी पट हाकलला?" मामा म्हणाला.

आणि मी, शिकलेला, बी.एस्सी.वाला, म्हणालो, "मामी, इमान म्हंजे जातं नोहे." माझंच हसू सगळ्यांत मोठं होतं.

"असन बाप्पा," मामी म्हणाली आणि झाडू घेऊन निघून गेली.

त्या कोठ्यात त्या दिवशी कल नावाची गोष्ट एकाच माणसाच्या अंगात होती, आणि तिला आम्ही झाडायला परत पाठवलं. डेहराडूनच्या लोकांना जे हवं होतं ते हेच होतं, न शिकवलेलं, सरळ. माझ्यातही ते असणार. दीड महिना घाम गाळून मी ते अंगातून उपटून काढलं.

आता मामाला नावं ठेवण्याआधी माझं ऐका. मधल्या काळात मी दोनदा अमरावतीला येऊन गेलो. आमचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक भले गृहस्थ होते. ‘सर, विमानाचा उजवा पाय कुठं नेतो?’ एवढंच विचारलं असतं तर एका मिनिटात उलगडा झाला असता. मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. कारण त्यांनी विचारलं असतं, सराव कुठं करतोस? आणि मग बैलांच्या कोठ्यातलं विमान कॉलेजभर झालं असतं. मित्रांना मी सांगून ठेवलं होतं की अकोल्याकडं एका रिटायर्ड तज्ज्ञाकडं ट्रेनिंग चालू आहे. त्या तज्ज्ञाच्या धोतराला शेण लागलेलं असतं हे त्यांना कशाला कळायला हवं होतं? चूक मामाची होती, पण ती झाकून जपली मी.

डेहराडूनला आम्हाला एका काळ्या पडद्यांच्या खोलीत नेलं. एकेका चौकटीत एकेक खुर्ची, दांडा, फळी. मला क्षणभर फार बरं वाटलं, कारण मामानं फक्त एका चित्रावरून केलेलं धूड हुबेहूब तसंच होतं. समजावून सांगणारा सरदारजी कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "स्टिक से ऊपर-नीचे. राइट पैर राइट, लेफ्ट पैर लेफ्ट. समझ गए?" बाकीचे म्हणाले, "यस सर." मी हात वर करून म्हटलं, "सर, राइट पैर से लेफ्ट नहीं जाता?" सगळे हसले. सरदारजी हसला नाही. म्हणाला, "किसने सिखाया?"

सरावाला एक मिनिट दिलं होतं. त्या मिनिटात डोक्याला सगळं समजलं. डोकं शहाणं होतं, फर्स्ट क्लासचं होतं. पण भोंगा वाजून खरी चाचणी सुरू झाली आणि ठिपका डावीकडं सरकला, तसा माझा डावा पाय गेला, कारण दीड महिना तो असाच जात होता. ठिपका आणखी डावीकडं पळाला. मी घाबरून डावा अजून जोरात दाबला. ठिपका पडद्याबाहेर. डोकं आतून ओरडत होतं, उजवा, उजवा! आणि पाय मामाच्या कोठ्यात होते. मग मी ठरवून प्रत्येक वेळी मनात येईल त्याच्या उलट दाबायला लागलो. तेवढ्यात हाताचा दांडा सुटला, भोंगा वाजून गेला, बटण राहिलं. शेजारच्या चौकटीत एक पंजाबी पोरगा गाणं गुणगुणत बसला होता. त्यानं असलं यंत्र आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं. दुपारी व्हरांड्यात यादी लागली. मी नाव शोधायची गरज नव्हती, तरी तीनदा शोधलं. त्या व्हरांड्यात उभा राहून मी रडलो, हे इथंच पहिल्यांदा कबूल करतो.

परतीला मामानं अकोल्याला उतरायला सांगितलं होतं. उतरलो तर फाटकाबाहेर बंडी उभी. चांद्या-मोत्याच्या अंगावर पोळ्याच्या झुली, शिंगांना गोंडे, आणि चहाच्या हॉटेलातले पाच-सात रिकामटेकडे बरोबर. मामानं उपरणं उडवलं. "काय बे पायलट! झालं ना?"

डेहराडूनपासून मी जे आत दाबून आणलं होतं ते सगळं बाहेर पडलं. "तुमच्या बैलाईनं बुडवलं मले, मामा! उजवा दाबला का उजवीकडंच जाते. साऱ्या दुनियेले माईत हाये, एक तुमालेच नाही. शेपट्या पिरगायून इमान चालत असतं तं त्याईनं तुमालेच बोलावलं असतं. अडानी मानसाच्या नादी लागलो, जलमाचं वाटोळं करून बसलो. आता सारी जिंदगी बडनेऱ्याले करंड्या मोजतो!"

रिकामटेकडे हसले. पहिल्यांदा हळू, मग मोकळेपणानं. त्यांना दोन बातम्या एकदम मिळाल्या होत्या. ‘पायलट’ हे नाव त्याच फाटकातून माझ्यामागं लागलं आणि पुढच्याच गाडीनं अमरावतीला पोचलं. मामाच्या चेहऱ्याकडं मी पाहिलं नाही, पाहायचं नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "बस बंडीत. मामीनं भाकर देल्ली हाये, खाऊन घे."

तो रस्ता मला अजून पाठ आहे. दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या, धूळ, घुंगरांचा आवाज. मामा पुढं बसून हाकत होता. ज्या माणसानं उभ्या जन्मात कधी कासऱ्यावर भरवसा ठेवला नाही, तो त्या दिवशी फक्त कासऱ्यानं हाकत होता. पाय त्यानं पोटाशी आखडून घेतले होते. बैल गोंधळून थांबायचे, मागं बघायचे. बार्शीटाकळीपर्यंत त्यानं एकदाही टाच लावली नाही.

सकाळी कप्प्या करकरल्याच्या आवाजानं मला जाग आली. कोठ्यात गेलो. मामा उकिडवा बसून गाठी सोडत होता. डावीकडच्या कप्पीतला दोर त्यानं उजवीकडं घातला, उजवीकडचा डावीकडं. गाठ मारली, थुंकी लावली. विडी अर्धी जळते न जळते तेवढ्यात झालं. दोन दोर, बस. माझा जन्म एवढ्या दोन दोरांत होता.

"बस, दिना," तो म्हणाला. "आता बराबर केलं. आता उजवा दाबला का उजवीकडंच जाते."

"मामा, थे एकदाच असते."

"मालूम हाये मले. बस तं खरं."

मी म्हणालो, "आता काय तुमची हौस पुरवाले बसू?" आणि पिशवी उचलून मोटार-स्टँडवर गेलो. मामी दारात उभी होती. ती ‘मी सांगत होती’ म्हणाली नाही. तिनं शिदोरी हातात दिली. त्या हिवाळ्यात मामा पटावर गेला नाही. गुडघा धरला म्हणून लोकांना सांगितलं. पुढच्या वर्षीही त्याचा गुडघा धरला. मग चांद्या-मोत्या थकले आणि गुडघ्याचं कारण सांगायची गरज उरली नाही. मी दोन वर्षं बाबांशेजारच्या स्टुलावर बसून करंड्यांवर नंबर टाकले, मग बी.टी. करून मास्तर झालो. बार्शीटाकळीला लग्नकार्यापुरता जायचो. मामाशी बोलणं व्हायचं, पाऊसपाण्याचं. कोठ्याकडं मी फिरकायचो नाही. माझी अकड तेवढी मोठी होती, आणि मी तिला स्वाभिमान म्हणायचो.

मामा गेला तेव्हा मी चाळिशीत होतो. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगले आणि मामी म्हणाली, "चाल, तुले दाखवतो." कोठ्यात बैल उरले नव्हते. कोपऱ्यात ते धूड होतं. फळ्यांना वाळवी लागली होती, गेरू पुसट झाला होता, पण दोर नवे होते. पिवळे, करकरीत अंबाडीचे.

"दरसाल पोळ्याले दोर वयायचे ना, त्यातले दोन याच्यासाठी ठेवायचे," मामी म्हणाली. "जुने काढायचे, नवे लावायचे. म्हनायचे, दिना आला तं बसन."

मी बसलो. मामी मागं गेली, मामाच्या स्टुलावर बसली आणि तिनं हिसका दिला. झाकण डावीकडं गेलं. मी डावा पाय दाबला. झाकण खांबाला आपटलं.

"उजवा दाब ना रे," मामी म्हणाली.

"हो," मी म्हटलं, आणि पुन्हा डावाच दाबला. तिसऱ्यांदाही डावाच. वीस वर्षं झाली होती आणि मूर्ख पाय अजून त्या माणसाचंच ऐकत होते.

"राहू दे," मामी म्हणाली. "त्याईनं शिकवलेलं हाये, सुटत नाही थे. उतर, भाकर खाऊन घे."

मी उतरलो नाही. म्हटलं, "अजून एक डाव, मामी." तिनं दोर ओढला.